खेळाचे दुसरे बारसे

‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाव आणि वस्तू यांच्यात पुष्कळदा अंतर असते, ही गोष्ट सामान्य संसारी माणसाला कोणा तत्त्वज्ञाने शिकवावी लागली नाही. व्यापाराच्या जगात हे अंतर कधी अजाणता पडते, तर कधी जाणूनबुजून पाडले जाते. खेळांच्या जगातही तसेच घडते, आणि गेल्या काही वर्षांत हिंदुस्थानातील लाखो घरांनी त्याचा अनुभव घेतला आहे.

खेळांची नावे बदलणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आपल्याकडील पचिशी साहेबलोकांबरोबर समुद्रापार गेली आणि १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट घेऊन ‘लुडो’ या लॅटिन नावाने बाजारात आली. ज्या मोक्षपटाचा संबंध महाराष्ट्रातील परंपरा ज्ञानदेवांशी जोडते, तो परदेशी जाऊन परत आला तेव्हा त्यातील पापपुण्याचा विचार गळून केवळ साप आणि शिड्या उरल्या होत्या. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी फुलाचा जो खेळ खेळत त्याला काही काळ ‘पूना’ असेच म्हणत. पुढे इंग्लंडातील एका उमरावाच्या वाड्यावरून तो बॅडमिंटन झाला. ही सारी नामांतरे प्रवासात झाली. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलावे तशी ती बदलली. त्यांत कोणाचा राग नव्हता, कोणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या जातीचे नामांतर मात्र वेगळे असते. लोक रागावतात, वर्तमानपत्रे लिहितात, न्यायालयात अर्ज जातात, सरकार डोळे वटारते, आणि मग खेळाचा धनी म्हणतो की जुने नाव विसरा, आता हे नवे नाव घ्या. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो असा, की ज्या गोष्टीवर लोक रागावले होते ती गोष्ट बदलली, की तिच्यावरची पाटी तेवढी बदलली?

या प्रश्नाचे एक जुने उदाहरण मुंबईच्या मैदानांवरच सापडते. १८९२ पासून तेथे युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचे वार्षिक सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि ते ‘तिरंगी’ झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ते ‘चौरंगी’ झाले. ख्रिस्ती, ज्यू वगैरे उरलेल्या मंडळींचा ‘रेस्ट’ नावाचा संघ १९३७ मध्ये आला आणि सामने ‘पंचरंगी’ झाले. मराठी माणसाने दिलेली ही नावे मोठी गोड होती. रंग वाढत गेले आणि त्याबरोबर गर्दीही वाढत गेली. परंतु या स्पर्धेविषयीची खरी तक्रार रंगांच्या संख्येची नव्हती. संघ धर्मावरून बांधावा काय, अशी ती तक्रार होती. त्या चौकटीच्या आतही कुरबुरी होत्याच. पळवणकर बाळू यांच्यासारख्या अव्वल गोलंदाजाला जातीच्या कारणाने हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद लाभले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले. १९३७ मध्ये तर नव्या ब्रेबर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटणीवरून तंटा होऊन हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेरच राहिला.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे गेले. कॉलेजांनी किंवा संस्थांनी आपापले संघ करावेत हे समजू शकते, परंतु धर्मवार संघांचे प्रयोजन काय ते समजत नाही, अशा आशयाचे मत गांधीजींनी दिले. तरीही स्पर्धा आणखी काही वर्षे चालली. १९४३ च्या डिसेंबरात रेस्टच्या संघाने हिंदूंविरुद्ध एका डावात ३८७ धावा केल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. सांगलीत जन्मलेले आणि काही काळ माळव्यातील देवास संस्थानच्या सेवेत राहिलेले हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ‘उरलेल्यां’च्या संघात होते. इतक्या मोठ्या खेळाडूला ‘उरलेला’ म्हणवून घ्यावे लागावे, यातच त्या स्पर्धेचा दोष उघड होतो. तिरंगीचे चौरंगी आणि चौरंगीचे पंचरंगी केल्याने तो दोष गेला नव्हता. १९४६ मध्ये स्पर्धाच बंद झाली, तेव्हा तो गेला.

हा जुना धडा मनात ठेवून आता अलीकडच्या प्रकरणाकडे वळावे. तेथे मैदान नाही आणि चेंडूही नाही. तेथे तळहातावर मावणारे एक यंत्र आहे आणि त्याच्या काचेवर दिसणारे एक बेट आहे.

दक्षिण कोरियात २००७ मध्ये चांग ब्युंग-ग्यू यांनी ‘ब्लूहोल’ नावाची कंपनी काढली. संगणकावरील खेळ तयार करणे हा तिचा उद्योग. या कंपनीच्या आश्रयाने ब्रेंडन ग्रीन या आयरिश रचनाकाराने एक खेळ सिद्ध केला. शंभर खेळाडू विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, सापडेल ते शस्त्र उचलतात आणि एकमेकांना टिपू लागतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आकसत जाते, आणि अखेरीस जो एक किंवा जी एक टोळी उरते ती जिंकते. ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटावरून ग्रीनला ही कल्पना सुचली होती. इंटरनेटवर तो ‘प्लेअरअननोन’, म्हणजे अनामिक खेळाडू, या टोपणनावाने वावरत असे. म्हणून खेळाचे नाव पडले ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’. अनामिक खेळाडूची रणभूमी. एवढे लांबलचक नाव तोंडात बसणे कठीण, म्हणून आद्याक्षरे घेऊन जगाने त्याला ‘पबजी’ म्हटले. मार्च २०१७ मध्ये तो संगणकावर आला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चीनच्या टेन्सेंट कंपनीने तयार केलेली त्याची मोबाइलवरील आवृत्ती जगभर पसरली. त्याच २०१८ सालच्या नोव्हेंबरात ब्लूहोलने आपले नावही बदलून ‘क्राफ्टन’ असे केले. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या संघांवरून हे नाव घेतले होते आणि त्यामागे कोणताही वाद नव्हता. वादाचे नामांतर अजून यावयाचे होते.

हिंदुस्थानात या खेळाला जमीन आधीच नांगरून ठेवलेली मिळाली. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले होते. मुंबई-पुण्यापासून नर्मदाकाठच्या धरमपुरीसारख्या गावापर्यंत, जेथे जेथे ते पोहोचले तेथे तेथे हा खेळ पोहोचण्यास वाट मोकळी होती. त्यासाठी दाम मोजावा लागत नव्हता. चार मित्र चार गावांत बसून एकमेकांशी बोलत एकाच टोळीत खेळू शकत. ज्या मुलांच्या वाट्याला मैदान नव्हते किंवा ज्यांना मैदानावर कोणी खेळू देत नव्हते, त्यांनाही येथे जागा होती. या खेळाची मोहिनी केवळ बंदुकीची होती असे मानणे अन्यायाचे होईल. त्यात सोबतीचीही मोहिनी होती.

तथापि वर्ष उलटण्यापूर्वीच तक्रारी सुरू झाल्या, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या प्रथम घरांतून आल्या. मुले रात्र रात्र जागतात, जेवणाचे भान राहत नाही, परीक्षा बुडते, फोन काढून घेतला तर घर डोक्यावर घेतात, अशा त्या तक्रारी होत्या. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांनी परीक्षेविषयी विद्यार्थी-पालकांशी संवाद केला. त्यात एका आईने मुलाच्या मोबाइलवेडाविषयी प्रश्न विचारताच पंतप्रधानांनी तो पबजीवाला आहे काय असे विचारले आणि सभागृह हशा व टाळ्यांनी भरून गेले. त्या हशात पुष्कळ घरांची ओळख पटली होती. त्याच सुमारास मुंबईतील अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने त्याच्या आईने उच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल करून या खेळावर बंदी मागितली. गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी त्याला घराघरांत शिरलेला राक्षस म्हटले. गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी तो खेळण्यास मनाईच केली आणि मार्च २०१९ मध्ये काही विद्यार्थ्यांना त्यापायी अटकही झाली. त्याच महिन्यात मराठवाड्यातील हिंगोली येथे रुळांजवळ खेळात दंग असलेले दोन तरुण आगगाडीखाली सापडल्याची बातमी आली आणि महाराष्ट्र हळहळला.

येथे थोडे तारतम्य राखले पाहिजे. रुळांवर बसून पत्ते खेळणाराही आगगाडीखाली सापडू शकतो. प्रत्येक दुर्घटनेचे पाप एका खेळाच्या माथी मारणे शहाणपणाचे नव्हे, आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक करणे त्याहून नव्हे. परंतु तक्रार अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने रोगांच्या नव्या वर्गीकरणास मान्यता दिली. त्यात खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, अशा लक्षणांच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. ही स्थिती साधारणतः वर्षभर टिकून असली आणि तिने जीवनाची घडी विसकटली, तरच तिला विकार म्हणावे, असेही तेथे नमूद आहे. म्हणजे प्रत्येक खेळणारा मुलगा रोगी नव्हे, पण काही मुलांना उपचारांची गरज असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर अशा तंत्रव्यसनासाठी २०१४ पासूनच स्वतंत्र उपचारकेंद्र चालू होते.

घरांच्या या तक्रारीवर कंपनीने काय केले? फार वेळ खेळणाऱ्यास विश्रांतीची आठवण देणाऱ्या सूचना काही काळ पडद्यावर दिसू लागल्या. खेळाचे नाव मात्र तेच राहिले. आईबापांच्या रागाने ते बदलले नाही.

ते बदलले सीमेवरील रक्तपाताने. जून २०२० मध्ये लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारने चीनशी संबंध असलेल्या ५९ ॲपवर बंदी घातली आणि २ सप्टेंबर रोजी आणखी ११८ नावांची यादी काढली. त्या यादीत पबजी मोबाइल होते. माहिती-तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या ६९-अ कलमान्वये ही बंदी आली, ते देशाची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व यांसंबंधी आहे. मुलांच्या झोपेविषयी त्यात काही नाही. सरकारचा आक्षेप भारतीयांची माहिती परदेशी साठविली जाण्यावर होता.

कंपनीने हा फरक अचूक ओळखला. बंदीनंतर सहाव्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, तिने जाहीर केले की हिंदुस्थानात हा खेळ चालविण्याचा टेन्सेंटचा अधिकार काढून घेतला आहे. नोव्हेंबरात ‘पबजी मोबाइल इंडिया’ या नावाची घोषणा झाली आणि त्याबरोबर दहा कोटी डॉलर्सच्या गुंतवणुकीचे आश्वासनही आले. जुन्या नावाला ‘इंडिया’ हे शेपूट जोडून भागेल, असा तो हिशेब असावा. पण तो खेळ कधी बाजारात आलाच नाही. अखेर ६ मे २०२१ रोजी नवे नाव जाहीर झाले, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. त्याच्या चिन्हात तिरंग्याचे रंग होते. ज्या ‘पबजी’ या चार अक्षरी इंग्रजी आद्याक्षरनामाने हा खेळ घराघरांत पोहोचला होता, त्याचा मागमूसही नव्या नावात ठेवला नव्हता. २ जुलै २०२१ रोजी तो अँड्रॉइड फोनवर सर्वांसाठी खुला झाला. हेच त्याचे दुसरे बारसे.

आता बारशाच्या दिवशी पाळण्यात कोण होते, ते पाहू.

काही बदल खरे होते. चिनी कंपनीचा हात या देशातील कारभारातून बाजूला झाला होता. खेळाडूंची माहिती हिंदुस्थानात आणि सिंगापूर येथे ठेवण्याचे वचन दिले होते. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीनच तास खेळता येईल, दिवसाला सात हजार रुपयांहून अधिक खर्च करता येणार नाही आणि प्रवेशासाठी पालकाच्या फोनवर आलेला संकेतांक लागेल, असे नियम केले होते. मुलांच्या वेळेला आणि खर्चाला खुद्द खेळातच हद्द घातली जावी, ही घरांची मागणी येथे प्रथमच नियमांत उतरली. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र वय खेळाडूनेच सांगावयाचे आणि पालकाचा फोन क्रमांकही त्यानेच द्यावयाचा, अशी ही व्यवस्था असल्याने कुंपणाचे दार आतून उघडता येत होते.

काही बदल केवळ रंगरंगोटीचे होते. गोळी लागताच उडणारे रक्त लाल न राहता हिरवे झाले. प्रतिस्पर्ध्यास ठार केल्याचा इंग्रजी शब्द जाऊन ‘संपविले’ या अर्थाचा शब्द आला. जणू शब्द सौम्य झाला की गोळीही सौम्य होते! एरंगेल या सुप्रसिद्ध बेटाच्या इंग्रजी नावात अखेरच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते ‘एरँगल’ झाले. बेटावरच्या इमारती, पूल आणि टेकड्या जेथल्या तेथे राहिल्या.

आणि एक गोष्ट तर मुळीच बदलली नव्हती. जुन्या खेळाडूंनी पैसे देऊन घेतलेले पोशाख, मिळविलेली पदे आणि मानचिन्हे नव्या खेळात वर्ग करून घेण्याची सोय होती. सातबाराच्या उताऱ्यावर बापाचे नाव कमी होऊन मुलाचे चढते, पण जमीन तीच राहते, तसा हा फेरफार होता. यात कंपनीने काही लपविले नाही. उलट जुन्या गिऱ्हाइकाला ओळख पटावी हाच तिचा हेतू होता. सरकारला वाटावे की हा खेळ नवा आहे, आणि खेळाडूला वाटावे की तो जुनाच आहे, अशी दुहेरी कामगिरी या नामांतराला बजावायची होती. खेळाडूंपुरती ती पूर्ण यशस्वी झाली. जुलै २०२२ मध्ये, वर्षपूर्तीच्या वेळी, कंपनीने दहा कोटी नोंदणीकृत खेळाडूंचा आकडा जाहीर केला.

चीनमध्ये याआधी असाच एक प्रकार घडला होता. तेथे पबजीच्या मोबाइल आवृत्तीतून पैसे मिळविण्याचा परवाना मिळेना. मे २०१९ मध्ये टेन्सेंटने ती बंद करून त्याच दिवशी शांततेचे नाव धारण करणारा एक खेळ आणला. तीच बेटे, त्याच बंदुका. फरक एवढाच की गोळी लागलेला खेळाडू मरत नसे, तो हात हलवून निरोप घेत असे. युद्धाच्या खेळाला शांततेचे नाव देण्यापर्यंत नामकरणाची मजल जाऊ शकते, हे त्यावरून दिसले.

हिंदुस्थानात दुसरे बारसे झाले तरी पत्रिकेतील ग्रह टळले नाहीत. जून २०२१ मध्ये, म्हणजे खेळ सर्वत्र खुला होण्यापूर्वीच, त्यातील काही माहिती चीनमधील सर्व्हरकडे जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि कंपनीला घाईने दुरुस्ती करावी लागली. वर्षभराने, जून २०२२ मध्ये, लखनौतील एका अल्पवयीन मुलाने खेळण्यास मनाई केल्यावरून आईचा जीव घेतल्याच्या वृत्ताने देश हादरला. राज्यसभेत प्रश्न विचारला गेला. उत्तरात सरकारने सांगितले की, बंदी घातलेली ॲप मिळतीजुळती नावे घेऊन किंवा नवे रूप धारण करून पुन्हा अवतरल्याच्या तक्रारी आल्या आहेत. जे मुले आणि आईबाप वर्षभर आपापसांत बोलत होते, ते आता संसदेच्या कामकाजात नोंदले गेले. २८ जुलै २०२२ रोजी हा खेळ दुकानांतून, म्हणजे फोनवरील ॲपच्या दुकानांतून, एकाएकी नाहीसा झाला.

दहा महिन्यांनी, मे २०२३ च्या अखेरीस, तो परत आला. या वेळी नाव बदलले नाही. तीन महिन्यांच्या परीक्षेवर त्याला सोडण्यात आले होते आणि माहिती कोठे साठते, व्यसन वाढते काय, यावर सरकार लक्ष ठेवणार होते. लहानांना तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी दैनिक मर्यादा होती. म्हणजे पहिल्या बंदीचे उत्तर नव्या नावाने देण्याचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्या बंदीचे उत्तर अटींनी द्यावे लागले. नामांतराची शक्ती किती पुरते, याचे माप येथे आपोआप निघाले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे आणि ती डोळ्यांआड करू नये. बंदी येते आणि जाते, त्यात कंपनीचा तोटा होतोच; परंतु या खेळाच्या स्पर्धांवर, त्यांच्या प्रक्षेपणावर आणि प्रशिक्षणावर पोट भरणारे तरुण एका रात्रीत उघड्यावर पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संगणकीय क्रीडास्पर्धांना, ज्यांना ई-स्पोर्ट्स म्हणतात, क्रीडाव्यवस्थेत अधिकृत स्थान दिले. क्राफ्टनने पुण्याच्या नॉटिलस मोबाइल या क्रिकेटचे खेळ करणाऱ्या कंपनीत प्रथम भांडवल गुंतविले आणि २०२५ मध्ये तिच्यावर मालकीहक्कही मिळविला. मराठी तरुणांच्या कौशल्याला यातून काम मिळू शकते. सारे खेळ वाईट म्हणून मोकळे होणे हे उत्तर नव्हे.

मग उत्तर कोठे शोधावे? त्यासाठी या धंद्याचे गणित पाहिले पाहिजे. खेळ फुकट मिळतो. मिळकत होते ती खेळातील पोशाख, शस्त्रांचे रंग आणि मोसमाचे प्रवेशपत्र यांच्या विक्रीतून. ही विक्री तोच खेळाडू करून देतो जो रोज येतो आणि रमून राहतो. रोज आल्याचे बक्षीस, मोसम संपण्याची घाई, मित्र पुढे गेल्याची टोचणी, ही सारी योजना त्याला परत आणण्यासाठी असते. थोडक्यात, मुलाचा वेळ हेच या व्यापाराचे भांडवल आहे. सरकारची तक्रार भागीदाराविषयी होती आणि भागीदार बदलता येतो. माहितीच्या साठ्याविषयी होती, तोही हलविता येतो. रक्ताच्या रंगाविषयीची तक्रार तर एका दुपारीत मिटते. आईची तक्रार मात्र वेळेविषयी होती, आणि ती मान्य करावयाची तर धंद्याच्या मुळालाच हात घालावा लागतो. म्हणूनच ती सर्वांत आधी आली आणि सर्वांत शेवटी, तीही अर्धीमुर्धी, ऐकली गेली.

कायदा हळूहळू या दिशेने सरकू लागला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे बंधन आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा केला, त्यात पैशाच्या डावांच्या खेळांना मनाई केली आणि क्रीडास्पर्धांच्या खेळांना उत्तेजन देण्याचे ठरविले. ही वर्गवारी खेळाच्या नावावरून केलेली नाही. खेळात पैसा कसा लावला जातो यावरून ती केली आहे, आणि तेच योग्य आहे. याउलट फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ या अशाच दुसऱ्या खेळावर बंदी आली तेव्हा त्याचीच ‘मॅक्स’ म्हणविणारी आवृत्ती उपलब्ध राहिली. यादी नावांची केली, की नावाबाहेरचे निसटते.

येथे पुन्हा मुंबईच्या त्या पंचरंगी सामन्यांची आठवण होते. ते बंद झाले म्हणून क्रिकेट बुडाले नाही. प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा १९३४ पासून चालू होती, तिला बहर आला. ब्रेबर्न स्टेडियमवर १९४८ पासून कसोटी सामने होऊ लागले. ‘उरलेल्यां’च्या संघातून तीनशे नऊ धावा काढणारे विजय हजारे पुढे साऱ्या देशाचे कर्णधार झाले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे हिंदुस्थानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. खेळ तोच होता, बॅट आणि चेंडू तेच होते, खेळाडूही पुष्कळसे तेच होते. संघ कशावरून निवडायचा, हा एक नियम तेवढा बदलला होता.

तळहातावरच्या या रणभूमीचे तिसरे बारसे कधी होईल की नाही, हे सांगता येत नाही. झाले तर नव्या नावाचे चिन्ह सुंदर असेल आणि जाहिरातीही झळकतील. त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी नावाची चौकशी फार करू नये. मुलाचे वय कोण पडताळते, ठरलेली वेळ संपल्यावर खेळ खरोखर थांबतो काय, आणि रात्री अकरानंतर त्याला परत बोलावणारी घंटी वाजते काय, एवढे पाहावे. वाळा सोन्याचा की कथलाचा, हे तेवढ्यावरून कळेल.